परतणाऱ्याचा पदग्रहण अवधी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण, किंचित संक्षेपाने)



या व्यासपीठावर आजवर मोठमोठी विद्वान मंडळी येऊन गेली. त्या मालिकेत केवळ बी. ए. झालेल्या आणि उभे आयुष्य टिपण्या लिहिण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या सरकारी नोकराने उभे राहावे, हे धाडसच होय. कार्यवाहांनी आग्रह केला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, मला फायलींखेरीज कशातलेच काही कळत नाही." ते म्हणाले, "मग घरातल्या एखाद्या फायलीवर बोला." त्यांनी हे थट्टेने म्हटले, परंतु घरातली एक फाईल खरोखरीच माझ्या मनात पुष्कळ वर्षे प्रलंबित आहे. तीच आज आपणांपुढे ठेवतो.

गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने किती जणांना निरोप दिला असेल, याची मोजदाद करणे अवघड आहे. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त होऊन पुण्या-नागपूरकडे निघाले, कुणाचा मुलगा उच्च शिक्षणासाठी परदेशी चालला. प्रत्येक वेळी आपण जमलो, शाल-श्रीफळ दिले, चार चांगले शब्द बोललो आणि बटाटेवडा-कॉफी घेऊन घरी गेलो. निरोप देण्याच्या कलेत दिल्लीचा मराठी माणूस आता निष्णात झाला आहे. पण परत आलेल्या माणसासाठी आपण एखादी सभा भरविली, त्याला समोर बसवून "सांग, काय पाहून आलास?" असे विचारले, असे मात्र मला एकदाही आठवत नाही. माणूस परत आला की आपल्या लेखी ते प्रकरण संपते. वास्तविक, तेथे एक नवे प्रकरण सुरू होत असते. माझा आजचा विषय एवढाच आहे.

या विषयाशी जोडलेले एक गाव आपल्या राजधानी परिसरातच आहे. गुरुग्राममध्ये पालम विहारच्या बाजूला 'कार्टरपुरी' नावाची वस्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. या गावाचे मूळ नाव दौलतपूर नसीराबाद. ३ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर सपत्नीक या गावी आले, त्यांच्या सन्मानार्थ गावाचे नाव बदलले, आणि ते आजही टिकून आहे. अध्यक्षांच्या मातोश्रींनी कधीकाळी या गावात सेवा केली होती, असे तेथे अनेकजण सांगतात. परंतु त्या माउलीची खरी कर्मभूमी होती ती आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या विक्रोळीत.

लिलियन कार्टर यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा. त्या व्यवसायाने परिचारिका होत्या. पती १९५३ मध्ये निवर्तले, मुले आपापल्या संसारात रमली, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी या बाईंनी 'पीस कोअर' या अमेरिकन स्वयंसेवक दलात नाव नोंदविले. १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात त्यांनी कामगारांची व त्यांच्या मुलाबाळांची शुश्रूषा केली. माळीकाम करणाऱ्या गृहस्थाच्या लहान मुलीला त्यांनी लिहा-वाचायला शिकविले. सत्तर वर्षांच्या होऊन त्या जॉर्जिया राज्यातील आपल्या खेडेगावी परतल्या, तेव्हा विलक्षण खंगलेल्या होत्या. पुढे मात्र गावोगावी त्यांना बोलावणी येऊ लागली आणि शेकडो सभांतून त्यांनी आपला विक्रोळीचा अनुभव सांगितला. त्यांनी घरी धाडलेल्या पत्रांचे पुस्तकही १९७७ मध्ये निघाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेच्या वतीने त्या दिल्लीस आल्या, आणि त्या प्रवासात विक्रोळीलाही जाऊन आल्या. २००६ मध्ये त्यांचे चिरंजीव, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, लोणावळ्याजवळ गरिबांची घरे बांधण्यासाठी हाती हातोडा घेऊन उभे राहिले. आईचे परतणे असे सुफळ झाले. माझ्या अल्प मतीप्रमाणे त्याचे एक कारण असे की, त्या परतल्यावर त्यांना ऐकणारी माणसे मिळाली.

या पीस कोअरचे आणखी एक वैशिष्ट्य सरकारी नोकर या नात्याने मला लक्षणीय वाटते. हे दल १९६१ मध्ये स्थापन झाले आणि १९७६ पर्यंत त्याचे चार हजारांहून अधिक स्वयंसेवक भारतात येऊन गेले. प्रत्येक स्वयंसेवकाच्या नावे, त्याने काम केलेल्या दर महिन्यामागे, प्रारंभीच्या काळात ७५ डॉलर बाजूला ठेवीत आणि तो मायदेशी परतला की ही रक्कम त्याच्या हाती देत. त्या रकमेला नाव होते 'पुनर्जुळणी भत्ता'. म्हणजे परत आलेल्या माणसाला आपल्याच घराशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते, ही गोष्ट एका सरकारने चक्क कायद्यात लिहून ठेवली होती. आपल्याकडेही बदलीच्या बाबतीत हे शहाणपण आहे. १९७९ च्या नियमांप्रमाणे हजार किलोमीटरपर्यंतच्या बदलीला आपणांस दहा दिवसांचा पदग्रहण अवधी मिळतो, ज्याला आपण सारे 'जॉइनिंग टाइम' म्हणतो. सामान लावायला, मुलांच्या शाळा पाहायला, नव्या जागी जरा टेकायला सरकार दहा दिवस देते. मी मात्र माझ्या स्वतःच्या मुलीला एक दिवससुद्धा दिला नाही. ती हकीगत आता सांगतो.

२५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुट्टीमुळे आम्ही सारे घरी होतो. रामकृष्णपुरमच्या आमच्या सरकारी निवासस्थानातला पंखा झोके घेऊ लागला आणि सारी वसाहत खाली मैदानात जमली. तिकडे जवळजवळ नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. नेपाळात शनिवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार. म्हणून शाळा रिकाम्या होत्या, नाहीतर हजारो कोसळलेल्या वर्गखोल्यांखाली किती बालके सापडली असती, याची कल्पनाही करवत नाही. माझी धाकटी कन्या त्या वेळी बावीस वर्षांची होती, महाविद्यालयीन शिक्षण नुकतेच संपले होते. एका स्वयंसेवी संस्थेमार्फत ऑगस्टमध्ये ती नेपाळला निघाली. आम्ही दिल्ली-काठमांडू बसवर तिला पोचवायला गेलो. मंडळाने त्याआधी तिला पुष्पगुच्छ दिला होता. त्याचे छायाचित्र आमच्या भिंतीवर आहे.

सर्वांत अधिक प्राणहानी झालेल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, बांबू आणि ताडपत्रीच्या तात्पुरत्या शाळेत, पाच ते नऊ वर्षांच्या एकतीस मुलांबरोबर ती दहा महिने राहिली. मुलांना खेळविणे, गाणी म्हणणे, चित्रे काढायला बसविणे आणि धक्का जाणवला की ओळीने मोकळ्यावर नेणे, हे तिचे काम. लिपी आपलीच, देवनागरी. पण आपला 'ळ' त्यांच्या वर्णमालेत नाही. ती 'बाळ' म्हणे आणि मुले 'बाल' म्हणत, आणि यावर रोज हशा पिकत असे, असे ती फोनवर सांगायची. सप्टेंबरात तेथे नवी राज्यघटना जाहीर झाली, तराईत आंदोलन पेटले आणि सीमेवरची मालवाहतूक फेब्रुवारी २०१६ पर्यंत खोळंबली. गॅस मिळेना, इंधन मिळेना, औषधांची टंचाई झाली. तेथील लोक दोष आपल्या देशाला देत आणि आपले सरकार तो नाकारीत होते. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे आणि ते माझ्या सेवानियमांत बसतही नाही. पण एका सहा वर्षांच्या मुलाने आमच्या मुलीला विचारले, "दिदी, तुझे घर गॅसच्या देशात आहे ना? मग तू का नाही आणत?" या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

जून २०१६ मध्ये ती परत आली. पहिले चार दिवस कौतुकाचे गेले. शेजारणी आल्या. "नेपाळ म्हणजे काही परदेश नव्हे" असे एकीने म्हटले, दुसरीने "पशुपतीनाथाचे दर्शन झाले ना?" एवढे विचारून आपल्या मुलाच्या अमेरिकेतल्या बंगल्याची कथा सुरू केली. मीही कचेरीत मुलीचे कौतुक सांगितले आणि नेहमीच्या कामाला लागलो.

मग एकेक गोष्ट खटकू लागली. मालमोटार जवळून गेली आणि तावदान थरथरले की ती ताडकन उठून दाराशी जाई. स्वयंपाकघरात आईने दोन्ही शेगड्या पेटविल्या की ही गुपचूप एक बंद करी. रविवारी पहाटे उठून, स्नान करून, तयार होऊन बसे. कारण तिकडे रविवार हा शाळेचा वार. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. तिने मनगटावरचे घड्याळ बदललेच नव्हते. "अगं, ते घड्याळ नीट लाव," असे मी तीनदा सांगितले. ती "हो बाबा" म्हणे आणि घड्याळ तसेच राही. घरच्या माणसांपेक्षा ती आमच्या वसाहतीच्या फाटकावरच्या नेपाळी चौकीदाराशी अधिक बोलते, असेही माझ्या कानावर आले. तेही मला रुचले नाही.

जुलैमध्ये एका परिचितांकडे लग्नाचा स्वागतसमारंभ होता. अन्नाने अर्ध्या भरलेल्या ताटल्या टोपल्यांत पडत होत्या. आमची कन्या तेथे यजमानीणबाईंना काही बोलली. उद्धटपणे नव्हे, पण चारचौघांत. मला अत्यंत लाज वाटली. घरी आल्यावर मी म्हणालो, "दहा महिने तिकडे राहून आलीस म्हणून आम्ही सगळे गुन्हेगार ठरलो काय? आता नेपाळ पुरे!"

त्या दिवसापासून तिने नेपाळचे नाव काढले नाही. ती वेळेवर जेवू लागली, दोन्ही शेगड्या पेटू देऊ लागली, नोकरीच्या जाहिराती पाहू लागली. घर शांत झाले. मला वाटले, मुलगी रुजू झाली. पत्नी एकदा म्हणाली, "ती फार गप्प झालीय हो." मी म्हणालो, "वेळ जाईल तसे होईल ठीक." एखादे प्रकरण अंगावर घ्यायचे नसले की आम्ही कचेरीत त्यावर 'यथावकाश पाहावे' असा शेरा मारतो. तोच शेरा मी माझ्या मुलीवर मारला.

सप्टेंबरात गणपतीला माझी आई साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने आली. आमचे मूळ गाव पाटण तालुक्यात. आई चौथीपर्यंत शिकलेली. आल्या संध्याकाळी तिने नातीकडे नुसते पाहिले आणि मला विचारले, "पोरगी आली तवा तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला हुता का?" मी म्हणालो, "आई, ती काही लढाईवरून आली नव्हती." आई काही बोलली नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने नातीला जवळ बसविले आणि म्हणाली, "त्या पोरांची नावं काय गं? सांग की एकेकाचं."

आमच्यापैकी कुणीही हा प्रश्न तिला विचारला नव्हता. मुलीने एक नाव सांगितले, मग दुसरे. प्रत्येक नावापाशी थांबून आई विचारी: ह्याची आई हाय का? ही कुणासारखी दिसती? ह्यो काय खातो? सिंधुपाल्चोककडे कोदोच्या पिठाचे ढिंडो करतात, असे मुलीने सांगितले. कोदो म्हणजे आपली नाचणीच. "म्हंजे आपल्यातलंच की," म्हणत आईने दुसऱ्या दिवशी नाचणीची आंबील करण्याचे ठरविले. एकतीस नावे पुरी व्हायला रात्रीचा दीड वाजला. शेवटच्या नावाशी मुलगी थांबली, आणि मग जून महिन्यापासून अडवून धरलेले रडू तिला आले. "आजी, मी त्यांना सोडून आले," एवढेच ती म्हणत होती. "मी परत येईन म्हणून सांगितलं, आणि मला ठाऊक होतं की नाही जमायचं."

तेव्हा आईने जे सांगितले, ते सत्तेचाळीस वर्षांच्या माझ्यासारख्या तिच्या मुलाने प्रथमच ऐकले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आई त्या घरात नवी नवरी होती. सुमारे १८० माणसे त्या भूकंपात दगावली. आमच्या घराची मागची भिंत पडली आणि दीड महिना सारे कुटुंब ऐन थंडीत शेतात झोपले. पुण्याकडची काही कॉलेजची पोरे मदतीला आली होती. त्यांनी छपरे उभारली, लहान मुलांना गोळा करून गाणी शिकविली आणि महिन्याभराने ती निघून गेली. "पोरं लई रडली तवा," आई म्हणाली. "पण ती गाणी ऱ्हायली की गं. आन् ती कॉलेजची पोरं घरी गेल्यावर त्यांचं काय झालं असंल, त्यांना कुणी इचारलं असंल का, ह्यो इचार मला आज तुझ्याकडं बघून आला."

बंधुभगिनींनो, त्या रात्री मी दिवाणखान्याच्या दारात उभा होतो. आत जाण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर गेलो आणि चौकीदाराला त्याचे गाव विचारले. तो सिंधुपाल्चोकला लागून असलेल्या दोलखा जिल्ह्यातला निघाला. १२ मे २०१५ च्या दुसऱ्या मोठ्या भूकंपात त्याचे घर पडले होते. अनेक वर्षे हा मनुष्य रोज मला नमस्कार करीत होता. भूकंपाच्या बातम्या दूरदर्शनवर पाहून मी हळहळलो होतो, पण दहा पावलांवर उभ्या असलेल्या त्याला कधी विचारले नव्हते. माझी मुलगी त्याच्याशी का बोलत होती, हे मला त्या सकाळी कळले.

पुढे जिज्ञासेपोटी मी या विषयावर थोडे वाचन केले. आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये घरी परतणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धातून सैनिक घरी येण्याचा तो काळ. शुट्झचे म्हणणे थोडक्यात असे की, परक्या देशात जाणाऱ्याला ठाऊक असते की आपल्याला सारे नवे असणार. परतणाऱ्याला मात्र वाटते की घर तेच असेल आणि आपणही तेच असू. या दोन्ही समजुती चुकीच्या ठरतात, आणि घरच्या माणसांना तर याचा पत्ताही नसतो. पुढे १९६३ मध्ये गलाहॉर्न या अमेरिकन दांपत्याने दाखविले की, परदेशी गेलेल्या माणसाचे मन आधी चढते, मग खचते, मग सावरते; आणि घरी आल्यावर हाच क्रम पुन्हा एकदा घडतो. कागदावर ही रेषा इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षरासारखी दिसते. दुसऱ्यांदा खचण्याची वेळ घरी येते. म्हणजे ज्या काळात मी 'आता पुरे' म्हणालो, त्याच काळात तिला हाताची गरज होती.

मग मनात आले, आपल्या इतिहासात तरी आपण परतणाऱ्यांची कदर केली आहे काय? १९३८ मध्ये काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपणां सर्वांस ठाऊक आहेत. ते ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तीस वर्षांच्या वयात, चीनमध्येच निवर्तले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर १९४४ मध्ये जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचाच अर्थ 'आणि एक परत आला नाही' असा होतो. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्या कथेवर चित्रपट काढला आणि कोटणीस अमर झाले. ते योग्यच झाले. पण एक आला नाही, याचा अर्थ चार आले. डॉ. अटल, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि चौथे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. युद्धभूमीवरून परतलेल्या चोळकरांचे नाव आज किती मराठी घरांत ठाऊक आहे? जो परत येत नाही त्याचे आपण स्मारक करतो. जो परत येतो त्याला दुसऱ्या दिवशी बाजारातून भाजी आणायला पाठवितो.

आणि खरे सांगायचे तर, या दुःखाची ओळख दिल्लीच्या मराठी माणसाइतकी कुणाला असावी? मी १९९१ मध्ये या शहरात आलो. दर उन्हाळ्यात गावी जातो. पहिली काही वर्षे गाडी साताऱ्याच्या जवळ आली की जीव उतावीळ होई. हळूहळू लक्षात आले की पारावरच्या गप्पा मी गेलो की थांबतात. "काय म्हणते दिल्ली?" असे लोक विचारतात, आणि उत्तराला सुरुवात केली की कुणीतरी पाऊसपाण्याचा विषय काढतो. घरात मला पाहुण्याची ताटली मिळते. तिकडे मी 'दिल्लीवाला' आणि इकडे मी 'मराठे'. हे शल्य आपण सारे पन्नास वर्षे मंडळाच्या सभागृहात एकमेकांना सांगत आलो, म्हणून तर हे मंडळ जगले. आणि तरीही आपल्याच मुलाबाळांपैकी कुणी दूरवरून परतले की आपण त्या पारावरच्या लोकांसारखेच वागतो. इतरांचे मला ठाऊक नाही. मी तसा वागलो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परतलेला माणूस नेहमीच बरोबर असतो, असे नव्हे. लग्नघरी यजमानीणबाईंना बोललेले शब्द माझ्या मुलीला आज स्वतःलाच बोचतात. तिकडची टंचाई पाहून आलेल्याने इकडच्या प्रत्येक घासाचा हिशेब मागणे, हाही एक प्रकारचा अहंकार होऊ शकतो. शिवाय अशा कामाला जाणाऱ्या तरुणांनी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे: आपण मुलांना लळा लावून निघून आलो, तर मागे राहिलेल्या मुलांचे काय? तिची संस्था दहा महिन्यांनी दुसरी ताई पाठविणार होती, तेवढाच दिलासा. "मी त्यांना फार काही दिलं, असं नाही बाबा," ती पुढे एकदा मला म्हणाली. "मला त्यांची सवय लागली, एवढंच." हे भान तिला घरी बोलू दिल्यानंतरच आले. बोलू न दिलेल्या माणसाचा एकतर अहंकार वाढतो, नाहीतर तो कायमचा गप्प होतो.

तिचे घरी परतणे पूर्ण झाले ते मात्र केवळ बोलण्याने नव्हे. माणसाने जे शिकून आणले, त्याला घरी जागा मिळावी लागते. आपल्या दिल्लीत त्याची परंपरा आहे. १९६९ मध्ये गांधी शताब्दीच्या निमित्ताने राजघाटाजवळ बांधकाम चालू असताना, धुळीत पडलेली मजुरांची तान्ही मुले पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले; तीच पुढे 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था झाली. आज नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी तशीच पत्र्याची घरे आणि तशीच मुले आहेत. २०१६ च्या दिवाळीनंतर आमची कन्या अशाच एका बांधकामावरच्या बालकेंद्रात जाऊ लागली. तेथे बांबूचे खांब आणि ताडपत्रीचे छप्पर होते. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने आईला सांगितले, "वास तसाच आहे गं." त्या रात्री ती गाढ झोपली.

आता थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण टिपणीच्या शेवटी प्रस्ताव नसेल तर आमच्याकडे फाईल पुढे सरकत नाही.

पहिला प्रस्ताव: आपल्या मंडळाच्या कुटुंबातील कुणीही सेवेच्या कामासाठी परदेशी वा परप्रांती जाऊन परत आले, तर जाण्याच्या वेळी जशी सभा भरवितो तशीच परतल्यावर भरवावी. मात्र ती लगेच नव्हे, दोन महिन्यांनी. कारण पहिल्या आठवड्यात कौतुक असते आणि गरज पुढे लागते. दुसरा: त्या सभेत शाल नको, भाषणे नकोत. परतलेल्याने बोलावे आणि आपण प्रश्न विचारावेत, आणि प्रश्न आईने विचारला तसे असावेत. 'कसे वाटले?' या प्रश्नाला उत्तर नसते, 'नावे काय?' या प्रश्नाला असते. तिसरा: असे तरुण आणि येथील बालकेंद्रे, शाळा व वस्त्या यांची गाठ घालून देण्याचे काम मंडळाच्या एका सभासदाने अंगावर घ्यावे. कार्यकारिणीची हरकत नसेल तर तो सभासद मी होतो. निवृत्तीला फारसा अवधी राहिलेला नाही. मलाही परतण्याची सवय केली पाहिजे.

'रुजू होणे' हा शब्द आपण कचेरीत रोज वापरतो. तो मूळचा अरबी आहे आणि त्या भाषेत त्याचा अर्थ 'परत येणे' असा आहे, असे कळले तेव्हा मला मोठा अचंबा वाटला. आपल्या मराठीत त्याच्या शेजारीच 'रुजणे' हा शब्द आहे. दोघांचे कूळ वेगळे. पण परत आलेले माणूस रुजायला थोडी माती, थोडे पाणी आणि थोडा वेळ लागतो, एवढे या शेजारावरून ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. सिंधुपाल्चोकची ती मुले आता पंधरा-एकोणीस वर्षांची झाली असतील. त्यांतली दोघे-तिघे अजून दसऱ्याला, त्यांच्या दसैंला, फोन करतात आणि आमच्या घरात तासभर नेपाळी चालते. मुलीचे लग्न झाले आहे, ती फरीदाबादला असते. तिच्या मनगटावरचे घड्याळ अजूनही पंधरा मिनिटे पुढे आहे. ते नीट लाव, असे मी आता तिला सांगत नाही. ती आली की दारातच तिला थांबवितो, भाकरतुकडा ओवाळून टाकतो, आणि मगच आत घेतो. ती हसते. फरीदाबाद काही लढाईचे ठिकाण नव्हे, हे मलाही ठाऊक आहे.